मशेरी, मापांची वही आणि घरी सांगितलेली ‘गाठ’ : स्तन वर उचलण्याच्या शस्त्रक्रियेचं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभागात मी परिचारिका आहे. शस्त्रक्रियेआधी बायकांना माहिती देणं आणि नंतर टाके बरे होईपर्यंत त्यांच्यावर लक्ष ठेवणं हे माझं काम. हे प्रकरण ज्यांचं आहे त्यांना मी सुनंदाताई म्हणते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि लिहिण्याआधी त्यांना विचारलं आहे. त्या म्हणाल्या, “लिवा की. माझ्यावेळी कुणी लिवलं असतं तर बरं झालं असतं.”

पार्श्वभूमी

सुनंदाताई ४१ वर्षांच्या. तालुक्याच्या गावी राहत्या घरातच शिवणकाम करतात, मुख्यतः ब्लाउज. नवरा साखर कारखान्यात नोकरीला, मुलगा सोळा वर्षांचा, मुलगी बारा वर्षांची, सासूबाई घरातच. दोन्ही बाळंतपणं सरळ झालेली, दोन्ही मुलांना दीड-दोन वर्षं अंगावर पाजलेलं. धाकटीनंतर कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. पुढे वजन वाढत वाढत ८१ किलोवर गेलं. साखर सीमारेषेवर आल्याचं कळल्यावर त्यांनी रोज पहाटे चालायला सुरुवात केली, रात्रीचा भात सोडला आणि दीड वर्षात वजन ६२ किलोवर आणलं. उंची १५४ सेंटीमीटर. आमच्याकडे आल्या तेव्हा ते वजन आठ महिने टिकून होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. गिऱ्हाइकांच्या मापांची. तिच्या शेवटच्या पानांवर त्यांची स्वतःची मापं होती, लग्नापासूनची. खांद्यापासून टक्सच्या, म्हणजे ब्लाउजला छातीपाशी आकार देणाऱ्या चुणीच्या, टोकापर्यंतचं माप लग्नाच्या वर्षी साडेनऊ इंच, थोरल्यानंतर अकरा, धाकटीनंतर बारा आणि वजन उतरल्यावर तेरा. छातीचा घेर कमी होत गेला होता आणि टक्स खाली सरकत गेला होता. तक्रार इतक्या नेमकेपणानं मांडणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

नेमकी अडचण काय होती

त्रास तीन तऱ्हेचा होता. उन्हाळ्यात स्तनांखालच्या घडीत घाम साचून कातडी लाल व्हायची, सोलवटायची, मलम लावलं की आठवडाभर बरी आणि परत तेच. दिवसातले सात-आठ तास मशीनवर वाकून बसल्यावर ब्राचे पट्टे खांद्यात रुतायचे. आणि तिसरा त्रास सांगायला त्यांना बराच वेळ लागला. नवऱ्याला मी बाहेर बसायला सांगितलं, तेव्हा त्या बोलल्या. एवढं वजन कमी केलं, पण आंघोळीच्या वेळी आरशाकडे पाठ करते, असं म्हणाल्या. नवऱ्याचं काही म्हणणं आहे का, असं मी विचारलं. “त्यांचं काय बी नाय. माझंच हाय.” हे उत्तर आमच्यासाठी फार मोलाचं. दुसऱ्या कुणाच्या आग्रहानं येणाऱ्या बाईला आम्ही थांबवतो.

डॉक्टरांनी उभं करून तपासलं. गळ्याखालच्या हाडाच्या खाचेपासून निपलपर्यंतचं अंतर उजवीकडे २७ आणि डावीकडे २८ सेंटीमीटर. साधारणपणे ते १९ ते २१ च्या आसपास असतं. दोन्हीकडची निपलं स्तनाखालच्या घडीच्या बरीच खाली आणि तोंड जमिनीकडे. स्तन किती ओघळले आहेत ते निपल आणि ती घडी यांच्या नात्यावरून ठरवतात. घडीच्या पातळीला असेल तर पहिली पायरी, घडीखाली पण सगळ्यात खालच्या भागाच्या वर असेल तर दुसरी, आणि सगळ्यात खालच्या भागावरच येऊन खाली वळलं असेल तर तिसरी. सुनंदाताई तिसऱ्या पायरीवर होत्या. स्तनांचा आकार मोठा नव्हता. कातडी जास्त आणि आतला ऐवज कमी, असं होतं.

एक सल त्यांच्या मनात वर्षानुवर्षं होती. “आई म्हणायची, लई दिवस पाजू नगंस, वंगाळ दिसतंय. मी ऐकलं नाय.” डॉक्टर तिथेच थांबले. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी २००८ साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ओघळण्याशी संबंध दिसला तो वयाचा, वजनाचा, गरोदरपणांच्या संख्येचा, आधीच्या मोठ्या आकाराचा आणि धूम्रपानाचा. अंगावर पाजण्याचा स्वतंत्र संबंध दिसला नाही. डॉक्टरांनी हे साध्या शब्दांत सांगितलं. सुनंदाताई काही बोलल्या नाहीत, पण पदर डोळ्यांना लावला. बाळाला पाजल्याचा पस्तावा घेऊन बायका जगतात. तो पस्तावा उतरवणं मला शस्त्रक्रियेइतकंच महत्त्वाचं वाटतं.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, काहीच न करणं. ओघळलेले स्तन हा आजार नाही. नीट मापाची ब्रा, घडीत कोरडेपणा आणि वेळेवर मलम यांनी निम्मा त्रास कमी होतो. त्यांनी ते सगळं करून पाहिलं होतं. ब्रा तर स्वतःच दुरुस्त करून घालत.

दुसरा, व्यायाम. छातीच्या स्नायूंचा व्यायाम चांगला, पण स्तन त्या स्नायूंवर बसलेला असतो, स्नायूंनी बनलेला नसतो. ताणलेली कातडी आणि आतले आधाराचे तंतू व्यायामानं आखडत नाहीत. बाजारातल्या क्रीम आणि तेलांबद्दलही हेच.

तिसरा, फक्त उचलण्याची शस्त्रक्रिया. हिला डॉक्टर मास्टोपेक्सी म्हणतात. यात जादा कातडी काढतात, आतल्या ऐवजाला पुन्हा आकार देतात आणि निपल वर नेतात. आकारमान वाढत नाही. उलट कातडी गेल्यानं ब्राचं माप थोडं कमी भरू शकतं.

चौथा, उचलण्याबरोबर सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे स्तनात आत बसवायची पिशवी. सुनंदाताईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता आणि त्यातला वरचा भरीव गोलाकार त्यांना हवा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की नुसत्या लिफ्टनं वरचा भाग तसा भरलेला दिसत नाही. तो इम्प्लांटचा असतो. पण इम्प्लांट जन्मभराचं नसतं. पुढे कधीतरी ते बदलायला किंवा काढायला दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता धरून चालावं लागतं, त्याभोवती कडक आवरण तयार होऊ शकतं, आणि सैल कातडीवर वजन वाढतं. खर्चही वाढतो. सुनंदाताईंनी दोन दिवस विचार केला आणि इम्प्लांट नको म्हणाल्या. कारण त्यांच्याच शब्दांत, “आतून अस्तर लावायचं नाय मला. हाय त्येच कापड नीट बसवा.”

मग छेद कुठे घ्यायचा हा प्रश्न. थोडं ओघळलेलं असेल तर निपलभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेनं छेद पुरतो. मध्यम असेल तर त्यातून खाली एक उभी रेघ. तिसऱ्या पायरीला बहुधा त्या उभ्या रेघेच्या खाली घडीतही आडवा छेद लागतो, म्हणजे उलट्या इंग्रजी टी सारखा. जहाजाच्या नांगरासारखा दिसतो म्हणून याला नांगराचा छेदही म्हणतात. सुनंदाताईंना कमी व्रण हवे होते. पण इतकी कातडी नुसत्या वर्तुळातून काढली तर वर्तुळ ताणलं जातं, चुण्या राहतात आणि आकार चपटा होतो. हे त्यांना समजवायला मला शब्द शोधावे लागले नाहीत. “एका टक्समधी एवढा झोळ जात नाय,” त्याच म्हणाल्या.

पहिला निर्णय : तारीख पुढे ढकलायची का

तपासण्या लावल्या. चाळिशी ओलांडलेली असल्यानं मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे केला, तो स्वच्छ आला. हिमोग्लोबिन ९.८ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. मी ठरलेला तक्ता भरला. त्यात प्रश्न होता : तंबाखू, सिगारेट, दारू? त्या म्हणाल्या, नाही. मी ‘नाही’ लिहिलं आणि पुढे गेले.

तारीख मार्चमधली, लग्नसराईच्या आधीची. दोन दिवस अगोदर भूलतज्ज्ञ तपासायला आले. भूल देताना श्वासाची नळी घालायला अडचण येईल का हे पाहण्यासाठी ते तोंड उघडायला लावतात. त्यांना दातांच्या मुळाशी काळपट थर आणि खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पांढरट चट्टा दिसला.

“ताई, मशेरी लावता का?”

“लावते की. सकाळी, जेवल्यावर, आन् रातच्याला.”

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुष मळून खातात ती. मशेरी म्हणजे दात घासणं. भाजलेल्या तंबाखूची ती पूड आहे हे त्यांना माहीत होतं, पण माझ्या प्रश्नात ती बसत नव्हती. चूक माझ्या प्रश्नाची होती.

मशेरीनं एवढं काय बिघडतं, हे नवऱ्यानं चिडून विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. लिफ्टमध्ये निपल कापून वेगळं करून वर चिकटवत नाहीत. आतल्या ऐवजाच्या एका देठावर, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट ते जिवंत ठेवून वर सरकवतात. निकोटीननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात. देठातून रक्त कमी पोचलं की टाके उसवतात, कातडीच्या कडा काळ्या पडतात, आणि वाईटात वाईट म्हणजे निपलचा भाग मरतो. निकोटीन धुरातून आलं की हिरडीतून, रक्तवाहिनीला फरक पडत नाही. त्यांच्या बाबतीत निपल सहा-सात सेंटीमीटर वर न्यायचं होतं, म्हणजे देठावरचा भार मोठा.

तीन वाटा होत्या. धोका पत्करून ठरल्या दिवशी करणं, थोडंच उचलून समाधान मानणं, किंवा मशेरी सोडून पुढची तारीख घेणं. सुनंदाताईंनी गिऱ्हाइकांना तीन आठवडे काम बंद म्हणून सांगून ठेवलं होतं. त्या रडल्या. तरीही डॉक्टर ठाम राहिले : शस्त्रक्रियेआधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे निकोटीन शून्य. निकोटीनची च्युइंगगम किंवा पट्टीही चालणार नाही, कारण त्यातही तेच असतं. ही शस्त्रक्रिया तातडीची नसते. तिच्यासाठी निपल पणाला लावण्यात अर्थ नव्हता, असं मला आजही वाटतं.

मशेरी सुटायला अडीच महिने गेले. दोनदा सोडून परत धरली. पहिल्या आठवड्यात डोकं ठणकायचं, शौचाला व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मोफत दूरध्वनीवर, १८००-११-२३५६ वर, त्यांनी मला शेजारी बसवून फोन केला. मशेरीच्या वेळी त्या बडीशेप चघळायला लागल्या. मे अखेरीला एकदाची सुटली. ओठातला चट्टा दातांच्या डॉक्टरांना दाखवला होता, तोही हळूहळू फिकट झाला. तोवर हिमोग्लोबिन ११.६ झालं होतं. लघवीत निकोटीनचा अंश नाही हे तपासून मगच आषाढातली तारीख दिली. आषाढात मुहूर्त नसतात, शिवणकाम मंद असतं, उकाडाही ओसरलेला असतो. मार्चपेक्षा ती वेळ खरोखरच चांगली निघाली.

पैसे

अंदाजपत्रक १,४०,००० रुपयांचं होतं. उपचारांवर एरवी जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ती सूट लागू होत नाही. १८ टक्क्यांनी २५,२०० रुपये वाढले. आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रिया सरसकट वगळलेली असते, तसं कलमच पॉलिसीत असतं. नवऱ्यानं विचारलं, घडीतल्या त्या चट्ट्यांचा आजार म्हणून कागद करून द्याल का. डॉक्टर नाही म्हणाले. सुनंदाताईंनी भिशी उचलली आणि उरलेले स्वतःच्या कमाईतले घातले. सर्जनची पदवी आणि नोंदणी कशी पाहायची हे मी प्रत्येकीला सांगते : प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी., आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. पैसे भरायच्या आधी हे विचारण्यात संकोच नसावा.

दुसरा निर्णय : घरी काय सांगायचं

सासूबाईंना ही शस्त्रक्रिया पटणार नव्हती. गावात बोभाटा होईल ही धास्ती वेगळी. नवरा-बायकोनं ठरवलं, “छातीत साधी गाठ आहे, ती काढायची” असं सांगायचं. त्यांनी मला विचारलं, आणि मी म्हणाले, सांगा, म्हणजे कुणी फार विचारणार नाही. कागदोपत्री डॉक्टरांनी खरं तेच लिहिलं. घरात काय सांगायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्या क्षणी मला तो सोयीचा मार्ग वाटला.

शस्त्रक्रिया

सकाळी डॉक्टरांनी त्यांना उभं करून पेननं खुणा केल्या. आडवं झाल्यावर स्तन बाजूला पसरतात, त्यामुळे मापं उभ्यानंच घ्यावी लागतात. सुनंदाताई मान खाली घालून प्रत्येक रेघ बघत होत्या. पूर्ण भूल, पावणेतीन तास. काढलेला ऐवज नियमाप्रमाणे तपासणीला पाठवला. आत साचणारं रक्त-पाणी बाहेर यावं म्हणून दोन्हीकडे एकेक बारीक नळी ठेवली होती, ती दुसऱ्या दिवशी निघाली. त्याच दिवशी दुपारी त्या घरी गेल्या. पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून शस्त्रक्रियेच्याच संध्याकाळी आम्ही त्यांना खोलीत चालवलं होतं.

पहिले सहा आठवडे

पहिले तीन दिवस सूज आणि ठणका सगळ्यात जास्त. छातीवर कुणी घट्ट पट्टा आवळलाय असं वाटतं, असं त्यांचं वर्णन. साध्या वेदनाशामकांवर भागलं. दुसऱ्या रात्री डावी बाजू जास्त फुगल्यासारखी वाटून त्यांनी फोन केला. एकच बाजू अचानक टणक होऊन फुगली आणि दुखायला लागली तर आत रक्त साचलेलं असू शकतं, आणि तेव्हा सकाळची वाट बघायची नसते. आम्ही रात्रीच बोलावलं. सूजच होती. पण बोलावलं हे बरोबर केलं. ताप, पू, वास, पोटरी दुखून सुजणं किंवा धाप लागणं, यासाठीही कधीही या असं सांगून ठेवलं होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मन खाली गेलं. आरशात पाहिलं तर स्तन उंच, वरून फुगलेले, खालून चपटे. “चौकोनी दिसाय लागलंय, चूक तर झाली नाय ना?” हे जवळजवळ सगळ्यांना वाटतं. सुरुवातीला ऐवज मुद्दाम उंच बसवलेला असतो, तो दोन-तीन महिन्यांत खाली उतरून गोलावतो. मी हे आधी सांगितलं होतं, पण चित्र दाखवलं नव्हतं. सांगितलेलं भीतीच्या वेळी आठवत नाही.

झोपायचं पाठीवर, डोक्या-पाठीखाली उशा घेऊन. आधाराची ब्रा दिवसरात्र सहा आठवडे, फक्त आंघोळीपुरती काढायची. तिसऱ्या दिवसापासून अंगावर पाणी घ्यायला परवानगी मिळाली. बहुतेक टाके आत विरघळणारे होते, निपलभोवतीचे बाराव्या दिवशी काढले. घरी सासूबाईंनी आंबट बंद केलं होतं, टाके पिकतात म्हणून. दही-लिंबानं टाके पिकत नाहीत. त्या वेळी पोटात डाळी, मटकी, अंडी, दूध जायला हवं. ते सासूबाईंना पटलं, आणि त्यांनी रोज मटकीची उसळ आवर्जून केली.

कामाचं मात्र बिनसलं. आमच्या कागदावर लिहिलं होतं : सहा आठवडे अडीच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये, हात खांद्याच्या वर नेऊ नये. त्यांनी ते पाळलं, त्यांच्या समजुतीप्रमाणे. घागर उचलली नाही, दळण आणलं नाही. पण श्रावण लागला आणि गौरी-गणपतीची ब्लाउजं यायला लागली. तिसऱ्या आठवड्यात त्या कापायला बसल्या. मोठी कात्री, चार पदरी कापड, वर लोखंडी इस्त्री. त्यांच्या लेखी हे वजन उचलणं नव्हतं. दोन दिवसांत उजवीकडे, उभा आणि आडवा छेद मिळतात त्या ठिकाणी, एक सेंटीमीटरभर जखम उघडली. या शस्त्रक्रियेत जखम उघडलीच तर बहुधा तिथेच उघडते, कारण तीन कडा तिथे एकत्र येतात आणि ताण सगळ्यात जास्त असतो. पुन्हा टाके घालायची गरज पडली नाही. रोज ड्रेसिंग, आणि साडेतीन आठवड्यांनी ती आपोआप भरून आली. व्रण तिथे थोडा रुंद राहिला.

मुलीचा प्रश्न

नवव्या रात्री मुलगी आईच्या अंथरुणाशी आली आणि तिनं विचारलं, “आई, तू मरणार आहेस का?” तिनं मोबाइलवर ‘छातीत गाठ’ शोधलं होतं. शेजारणी येऊन हळू आवाजात बोलत होत्या, ते तिनं ऐकलं होतं. आठ दिवस ती पोर हे मनात घेऊन शाळेत जात होती.

पहाटे सहाला सुनंदाताईंचा फोन आला. त्या दिवशी ड्रेसिंगला त्या मुलीला घेऊन आल्या. आईनंच सांगितलं, गाठबीठ काही नव्हती, तुम्ही दोघं झाल्यावर आणि वजन उतरल्यावर कातडी सैल झाली होती, ती डॉक्टरांनी बेतून घट्ट शिवली. मुलीनं थोडा विचार केला आणि विचारलं, “टक्स घालतात तसं?” आई म्हणाली, हो, तसंच. मग तिनं आणखी दोन प्रश्न विचारले, दुखतं का आणि आजीला माहीत आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आम्हा कुणाकडेच नव्हतं. मी त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन एकटी बसले होते. ‘गाठ’ सांगा असं मी सहज म्हणून गेले होते. आपल्याकडे बाईच्या छातीतली गाठ हा शब्द घरात कुठवर जाऊन पोचतो, हे मला कळायला हवं होतं.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी आकार खाली बसून गोल झाला. निपलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे साडेएकवीस सेंटीमीटरच्या आसपास. वहीतलं माप साडेदहा इंच. घडीतली लाली पुढच्या उन्हाळ्यात आली नाही. वरचा भाग व्हिडिओतल्यासारखा भरलेला नाही, आणि त्यांनी त्याची तक्रारही केली नाही. उजवा स्तन डाव्यापेक्षा किंचित भरीव आहे. शस्त्रक्रियेआधीही होता, आम्ही आधीच्या फोटोत तो फरक दाखवून ठेवला होता म्हणून प्रश्न उभा राहिला नाही.

डाव्या निपलला पाच महिने काहीच जाणवत नव्हतं. मग मुंग्या, मग टोचल्यासारखं, आणि वर्षाअखेरीस संवेदना बरीचशी परत आली, पूर्ण नाही. ती कधीच परत येत नाही असंही काहींच्या बाबतीत होतं, हे संमतिपत्रावर सही घेताना त्यांना वाचून दाखवलं होतं.

व्रणांनी त्यांना सगळ्यात जास्त वेळ वाट बघायला लावलं. तिसऱ्या महिन्यात ते सगळ्यात लाल आणि जाड होते. आपल्या सावळ्या कातडीवर ते पुढे काळपट पडतात. आडव्या व्रणाची आतली टोकं वर आली होती. सिलिकॉनची जेल दिवसातून दोनदा आणि बोटांनी मालिश, सहा महिने. वर्षानंतर उभी रेघ फिकट झाली, घडीतली अजून गडद आहे, पण ती घडीत लपते.

इतकं होऊनही हे कायमचं नाही. कातडी वयाप्रमाणे सैल होतच राहणार, आणि वजन पुन्हा वाढून उतरलं तर स्तन पुन्हा ओघळतील. पहाटेचं चालणं त्यांनी सोडलेलं नाही. मशेरीही परत धरलेली नाही. सासूबाई आजही गाठच समजतात.

आता आम्ही काय वेगळं करतो

तक्त्यातला तंबाखूचा प्रश्न मी बदलून घेतला. आता एकेक नाव घेऊन विचारते : मशेरी, तपकीर, गुल, गुटखा, मावा, पानातली तंबाखू, विडी. शेवटी विचारते, दात कशानं घासता. हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा, भूलतज्ज्ञांच्या तपासणीवर सोडायचा नाही. सुनंदाताईंचे तसे चार महिने वाचले असते.

कागदावर आता किलो लिहीत नाही. पाच लिटरचा भरलेला कुकर, पिठाचा डबा, कळशी, गाडीची किक, वरच्या फळीवरचा डबा, केसांचा अंबाडा घालणं, कणीक तिंबणं, अशी कामांची नावं लिहितो, आणि प्रत्येकापुढे आठवडा. जिचा जो व्यवसाय, तो तिच्या तोंडून ऐकून त्यातल्या हालचाली वेगळ्या लिहून देतो. सुनंदाताईंसाठी कात्री आणि इस्त्री सहाव्या आठवड्यानंतर, नुसतं हातशिलाई आणि हूक-काज दुसऱ्या आठवड्यानंतर, असं लिहायला हवं होतं. सणांच्या तारखाही आधी विचारतो. आषाढ ठरवताना आम्ही पुढचा श्रावण मोजला नव्हता.

सावळ्या कातडीवरचे तिसऱ्या महिन्यातले व्रण आणि पहिल्या आठवड्यातला चौकोनी आकार, या दोन्हींचे फोटो, संमती घेतलेल्या रुग्णांचे आणि चेहऱ्याविना, आम्ही सही घ्यायच्या आधी दाखवतो. ते बघून दोघी-तिघी परत गेल्या आहेत. त्यांनी जावं हेच बरोबर होतं.

घरी काय सांगायचं याची चर्चा आता मी टाळत नाही. न सांगण्याचा हक्क बाईचा आहेच. पण आजाराचं नाव घेऊन झाकायचं असेल तर घरातल्या मुलांना वेगळं बसवून त्यांच्या वयाला झेपेल इतकं खरं शस्त्रक्रियेआधीच सांगा, असं म्हणते. बाकीच्यांना नुसतं “ऑपरेशन आहे, धोक्याचं नाही” एवढंही पुरतं.

पुढच्या महिन्यात सुनंदाताईंची मॅमोग्राफी आहे. आतल्या व्रणांमुळे आणि चरबीच्या गाठींमुळे चित्रात पांढरे ठिपके दिसू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद आणि आधीची फिल्म दोन्ही बरोबर न्यायला सांगितलं आहे. मुलगी सोबत येणार आहे.